वाचकांचे प्रश्न : ग्रीक पोथ्यांतली चित्रं आणि ती घडवणारी माणसं

मागच्या अंकात बायझंटाइन काळातल्या (कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल, राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या), म्हणजे ढोबळमानाने सहाव्या ते पंधराव्या शतकातल्या सचित्र ग्रीक हस्तलिखितांवर लेख होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि बार्शी-अक्कलकोटकडून आलेल्या प्रश्नांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : लेखात एका ओळीत येऊन गेलं, की एका ग्रीक पोथीत झाडाला धरून राहिलेला माणूस आणि झाड कुरतडणारे उंदीर असं चित्र आहे. ही तर आमच्याकडची मधुबिंदूची गोष्ट! ती तिकडे कशी गेली?
(बाळीवेस, सोलापूर)

तीच गोष्ट आहे. जैन कथांमध्ये रानात हत्ती मागे लागलेला माणूस विहिरीत उतरतो, वडाची पारंबी धरून लोंबकळतो. खाली अजगर, बाजूंना चार साप, वर पारंबी कुरतडणारे एक काळा आणि एक पांढरा उंदीर. एवढं असून तोंडात पडणाऱ्या मधाच्या थेंबात तो गुंग. महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हीच गोष्ट थोड्या फरकाने सांगतो. ग्रीक पोथीत हत्तीच्या जागी एकशिंगी प्राणी आला. तो मृत्यू. उंदीर म्हणजे दिवस आणि रात्र. आपल्याकडे चार साप म्हणजे क्रोध, मान, माया, लोभ हे कषाय. तिकडे ते शरीर घडवणारी चार महाभूतं झाले. मध मात्र दोन्हीकडे संसाराची गोडीच.

ती पोचली बुद्धचरित्राच्या पाठीवर बसून. राजपुत्राला दुःख दिसू नये म्हणून वाड्यात ठेवणं, मग त्याला रोगी आणि म्हातारा दिसणं, वैराग्य येणं, ही कथा अरबीत गेली. अरबीतून जॉर्जियन भाषेत जाताना ती ख्रिस्ती झाली आणि जॉर्जियनमधून इसवी सन १००० च्या सुमारास ग्रीकमध्ये आली. पूर्वी हे ग्रीक रूप दमास्कसचा जॉन या जुन्या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या नावावर खपत असे. आता ते यूथिमियोस या जॉर्जियन साधूचं मानतात. तो ग्रीसमधल्या अॅथोस पर्वतावरच्या इविरोन मठातला. दहाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जियन लोकांनीच हा मठ उभारला. बार्लाम आणि योआसाफ या नावाने ही कथा ग्रीक जगात इतकी वाचली गेली की तिच्या सचित्र प्रती निघाल्या. इविरोन मठात तशी एक आजही आहे.

तुम्ही विचारलेलं चित्र मात्र दुसऱ्याच पोथीतलं आहे. ती १०६६ सालची स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांची पोथी (इंग्रजीत साल्टर). लेखनिकाच्या नावावरून तिला थिओडोर साल्टर म्हणतात, आणि ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. माणसाचे दिवस सरत्या सावलीसारखे, अशा अर्थाची ओळ १४३ व्या स्तोत्रात येते (ग्रीक क्रमांकानुसार, रोजच्या वापरातल्या बायबलमध्ये हे स्तोत्र १४४ वं). त्या ओळीशेजारी समासात चित्रकाराने हा पळणारा माणूस आणि झाड काढलं आहे. स्तोत्रात ही गोष्ट नाही. वाचणाऱ्या साधूंना ती पाठ होती, म्हणून नुसतं चित्र पुरलं.

प्रश्न : ही सगळी चित्रं मठातल्या साधूंनीच काढली असतील ना?
(इतिहासाची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

सगळी नाहीत. मेणबत्तीच्या उजेडात एकटा बसलेला साधू हे दृश्य पुस्तकांच्या मुखपृष्ठांना बरं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक पोथीमागे वेगळी मंडळी दिसतात.

मठाचं उत्तम उदाहरण कॉन्स्टँटिनोपलचा स्टुडिओस मठ. वर सांगितलेली १०६६ ची पोथी तिथलीच, मठाधिपती मिखाइलसाठी केलेली. तिच्या २०८ पानांच्या समासांत सव्वाचारशेहून अधिक चित्रं आहेत. तिथे लेखनकाम शिस्तीचं होतं. मठाचा जुना प्रमुख थिओडोर (७५९ ते ८२६, हा वेगळा, लेखनिक थिओडोर त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी झाला) याच्या नावावर असलेल्या नियमांत लेखनिकांसाठी शिक्षा दिल्या आहेत. चिकटवायचा सरस गरजेपेक्षा जास्त कालवून नासवला तर ५० दंडवत; रागाच्या भरात लेखणी मोडली तर ३०. रागापेक्षा नासाडीला मोठी शिक्षा, हे ज्याने कधी कारखाना चालवला आहे त्याला लगेच पटेल.

दरबारी काम याहून वेगळं. सम्राट बेसिल दुसरा याच्यासाठी १००० च्या आसपास संतांच्या वार्षिक तिथींची एक पोथी झाली. ती आता व्हॅटिकनमध्ये आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारी एवढाच भाग, तरी ४३० चित्रं. दर पानावर एक चित्र आणि १६ ओळी, हे माप पक्कं. चित्रांशेजारी चित्रकारांची नावं आहेत : पँटोलिओन, जॉर्ज, नेस्टर, मिनास, दोन मिखाइल आणि दोन सिमेऑन, असे आठ जण. ग्रीक चित्रकार सहसा नाव लिहीत नाही, म्हणून ही पोथी अभ्यासकांना फार मोलाची. आठ हातांतून एकच पुस्तक सलग वाटेल असं बाहेर काढणं हे कामाची वाटणी माहीत असलेल्या लोकांचं काम आहे.

पैसा देणाऱ्यांत स्त्रियाही होत्या. ५१२ च्या सुमाराची डिओस्कोरिडीस या प्राचीन ग्रीक वैद्याची वनौषधी-पोथी अनिकिया युलियाना या राजघराण्यातल्या स्त्रीसाठी झाली आणि तिचं चित्र पोथीच्या सुरुवातीला आहे. त्यातल्या वनस्पतींच्या पानभर चित्रांपैकी ३८० हून अधिक टिकली. ही पोथी नुसती जपून ठेवलेली नव्हती. १४०६ मध्ये ती पुन्हा बांधली गेली, आणि नंतरच्या हातांनी तिच्यात झाडांची नावं अरबी-हिब्रू लिपींत लिहून ठेवली. आज ती व्हिएन्नात आहे. चौदाव्या शतकात थिओडोरा सिनाडिनी हिने कॉन्स्टँटिनोपलमध्ये स्त्रियांचा मठ काढला. त्याच्या नियमावलीच्या पोथीत ती स्वतः, तिची मुलगी आणि मठातल्या जोगिणींचा सगळा घोळका चितारला आहे. ही ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजची. पोथी घडवून घेणारा समुदायच पानावर येऊन उभा राहावा, असं फार थोड्या ठिकाणी दिसतं.

शिवाय ग्रीक पोथी म्हणजे ग्रीसमधलीच असं नाही. स्किलिट्झीस या बायझंटाइन इतिहासकाराच्या ग्रंथाची माद्रिदमध्ये असलेली प्रत बाराव्या शतकात सिसिलीत, नॉर्मन राजांच्या अमलात झाली. तिच्यात ५७४ चित्रं आहेत. काहींचं वळण कॉन्स्टँटिनोपलचं, काहींचं उघड पश्चिमी.

प्रश्न : अशा पोथीला खर्च किती येई?
(अक्कलकोट)

आकडे क्वचित मिळतात, पण पक्के मिळतात. अरेथास नावाच्या विद्वान धर्माधिकाऱ्याने किंमती पोथ्यांतच टिपून ठेवल्या. ८८८ सालच्या युक्लिडच्या प्रतीला १४ सुवर्णनाणी. ८९५ सालच्या प्लेटोच्या प्रतीला लिहिणावळ १३ आणि पानांसाठीच्या चामड्याचे ८, मिळून २१. एक नाणं सुमारे ४.४ ग्रॅमचं धरलं तर प्लेटोला नव्वद ग्रॅमहून जास्त सोनं लागलं. दरबारातल्या बऱ्यापैकी वरच्या एका पदाचं वर्षाचं मानधन तेव्हा ७२ नाणी होतं. आणि या दोन्ही पोथ्यांत रंगीत चित्रं नाहीत! चित्रं आली की सोन्याचा वर्ख आणि अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून येणारा लाजवर्द (निळ्या रंगाचा दगड) यांचा खर्च वेगळा.

प्रश्न : चार पोथ्यांत लिहीत बसलेला संत तसाच, टेबल तसंच, खुर्चीही तीच. हे छापे वापरत होते का?
(यंत्रमागावरचे डिझायनर, साखर पेठ)

छापे नव्हेत, जुनी पोथी समोर ठेवून, किंवा आराखड्यांवरून काढलेली चित्रं. तुमच्या धंद्यातलं सांगायचं तर जॅकार्डचं कार्ड एका मागावरून उतरवून दुसऱ्यावर चढवावं, रंगाचं सूत मात्र आपल्या मर्जीचं घालावं, तसा हा प्रकार. शुभवर्तमान (ख्रिस्ताचं चरित्र) लिहिणाऱ्या चौघा संतांचं बसणं ठरलेलं : एक लिहितो, एक लेखणी थांबवून विचार करतो. चेहरा, केस आणि दाढी यांवरून कोण ते ओळखायचं. मॅथ्यू आणि जॉन पांढऱ्या दाढीचे म्हातारे, मार्क काळ्या दाढीचा, ल्यूक विरळ दाढीचा तरुण. यात फेरफार चालत नसे, कारण वाचणाऱ्याला ओळख पटली पाहिजे.

नक्कल कुठे फसली ते पाहणं अधिक मजेचं. टेबलाच्या पायांपैकी एखादा हवेत राहतो, कारण मूळ चित्रात त्याच्यापुढे काहीतरी होतं आणि नकलाकाराने ते गाळलं. वस्त्राची घडी गुडघ्यावरून न येता मधूनच सुटते. उलट, पॅरिसमधल्या दहाव्या शतकातल्या स्तोत्रसंहितेत १४ पानभर चित्रं आहेत आणि त्यांत मेंढरं राखत वाद्य वाजवणारा डेव्हिड (स्तोत्रं ज्याच्या नावावर आहेत तो बायबलमधला राजा) थेट प्राचीन ग्रीक-रोमन भित्तिचित्रातून उठून आल्यासारखा दिसतो. तिथला चित्रकार जुनं वळण नुसतं गिरवत नव्हता, त्याला ते उमगलेलं होतं. आमच्या मते अख्ख्या परंपरेतलं सर्वांत देखणं काम हेच.

आधी लिखाण होई, मग चित्र. लेखनिक चौकटीएवढी जागा सोडून पुढे जाई. पैसे संपले किंवा चित्रकार मिळाला नाही की ती जागा कोरीच राही. अशी पानंही बरीच सापडतात.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांकडून या पद्धतीचं एक पान करून घ्यायचं आहे. साहित्य आणि पायऱ्या सांगाल का?
(चित्रकला शिक्षक, होटगी रोड)

आधी काय आणू नये ते. हिंगूळ (पारा), शेंदूर आणि सफेदा (शिसं), हरताळ (आर्सेनिक), जंगाल (तांबं) हे तिकडचे नेहमीचे रंग होते. मुलांच्या हातात यातला एकही देऊ नका. गेरू, पिवळी माती, काजळ, नीळ, अल्ट्रामरीन पावडर आणि पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइट यांत काम भागतं. कोरडी पूड उडते, म्हणून ती पंखा बंद करून आणि शिक्षकांनीच भिजवावी.

कागद ३०० जीएसएमचा, गुळगुळीत पाठीचा. ४०×२८ सेंमीचा ताव मधोमध दुमडा, म्हणजे २०×२८ ची चार पृष्ठं होतात. मूळ पोथीत असे चार ताव एकात एक घालून आठ पानांची जुडी करत. कडेला ८-८ मिमीवर सुईने टोचे पाडा आणि समोरासमोरचे टोचे पट्टीने जोडून बोथट दाभणाने, किंवा शाई संपलेल्या बॉलपेनने, कोरड्या रेघा दाबा. पेन्सिल नको. ग्रीक पोथीच्या पानाला जो उठाव दिसतो तो या दाबलेल्या रेघांचा.

शाईसाठी १० ग्रॅम मायफळ (ओकच्या झाडावरची गाठ, जायफळ नव्हे) जाडसर कुटून १०० मिली पाण्यात दोन-तीन दिवस भिजत ठेवा, गाळा, त्यात ४ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि ३ ग्रॅम बाभळीचा डिंक विरघळवा. भांडं काचेचं घ्या, लोखंडी नको. लिहिताना शाई फिकी वाटेल. हवा लागली की काळी होते. फिकी दिसते म्हणून हिराकस वाढवायचा मोह होतो. तो आवरा, जास्तीच्या हिराकसाने अक्षर तांबूस पडतं आणि पुढे कागद खातं.

रंगाचं माध्यम : १० ग्रॅम डिंक २० मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवून तलम कापडातून गाळा, अर्धा चमचा मध घाला. तिकडे अंड्याचा पांढरा भागही वापरत, पण आपल्याकडे अनेक घरांत तो चालायचा नाही आणि डिंकाने काही अडत नाही. पूड पाण्यात घोटून लोण्यासारखी करा. अशा दोन भाग रंगाला एक भाग डिंकपाणी. ठिपका वाळवून बोटाने चोळा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. ठिपका चकाकून तडकला तर डिंक जास्त. एप्रिल-मेमध्ये डिंकपाणी दोन दिवसांत आंबतं, तेव्हा थोडंथोडंच करा.

क्रम चुकवू नका. पातळ तांबड्या रेषेने आकृती, मग सोनं, मग रंग. रंग आधी दिला तर वर्ख जिथे नको तिथे चिकटतो. मिठाईवरचा वर्ख बहुतेक चांदीचा असतो, तो काळा पडेल. शाळेसाठी नकली सोनेरी वर्ख पुरे. जागेवर डिंकपाणी लावून ते जेमतेम चिकट असतानाच वर्ख ठेवावा लागतो. सोलापूरच्या कोरड्या दुपारी डिंक मिनिटभरात वाळतो आणि वर्ख उचलला जातो. सकाळी लवकर करा. वाळलाच तर कागदाच्या नळीतून तोंडाची वाफ सोडली की डिंक पुन्हा ओला होतो.

चेहरा रंगवताना मुलं सरळ गुलाबी रंग घेतात आणि चेहरा सपाट होतो. बायझंटाइन पद्धतीत आधी काळपट हिरवा थर (पिवळी माती, थोडं काजळ, किंचित नीळ), त्यावर कडा सोडून पिवळी माती आणि पांढरा, गालांवर गेरूचा हात, शेवटी नाकाचा दांडा, कपाळ आणि डोळ्यांखाली पांढऱ्याच्या बारीक रेषा. खालचा हिरवा कडांना दिसत राहतो, तीच सावली. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, नाहीतर खालचा रंग निघून चिखल होतो.

प्रश्न : मूर्तींप्रमाणे चित्रांवरही तिथे बंदी होती म्हणतात. मग ती टिकली कशी?
(बार्शी)

बंदी दोनदा आली : आठव्या शतकाच्या पूर्वार्धापासून ७८७ पर्यंत आणि ८१५ ते ८४३. रोख देवाच्या आणि संतांच्या चित्रांवर होता, पानाफुलांवर नव्हता. आधीच्या काही पोथ्या साम्राज्याच्या सीमेबाहेर राहिल्या म्हणून वाचल्या. बंदी उठल्यावर जिंकलेल्या बाजूने चित्रांतूनच सूड उगवला. मॉस्कोतल्या नवव्या शतकाच्या ख्लुदोव्ह साल्टरमध्ये ख्रिस्ताच्या मूर्तिचित्रावर चुना फासणारा बंदीवाला दाखवला आहे, आणि शेजारीच क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तोंडाला शिरक्यात (व्हिनेगरमध्ये) भिजवलेला स्पंज लावणारा शिपाई. दोघांच्या हातातल्या काठ्या सारख्याच. आजच्या राजकीय व्यंगचित्रकारालाही हेवा वाटावा अशी जोडी आहे ही.

प्रश्न : छापलेल्या फोटोत चेहऱ्यांवरचा रंग उडालेला दिसला. आमच्या घरी आजोबांची सचित्र पोथी आहे, तिचंही तसंच होतंय. काय करावं?
(मुरारजी पेठ)

दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात. ग्रीक पोथी चामड्याची. चामड्याची केसांकडची बाजू पिवळसर, मांसाकडची पांढरी. समोरासमोरची दोन पानं एकाच रंगाची दिसावीत म्हणून केसाला केस, मांसाला मांस अशी जुडी लावत. बायझंटाइन कारागीर पान घोटून फार गुळगुळीत आणि चकचकीत करत. अक्षर त्यावर सुरेख उठतं, पण रंगाचा जाड थर धरून राहत नाही. त्यात चामडं हवेतला ओलावा घेतं-सोडतं, ताणतं-आकसतं. वाळलेला रंग तसा हलत नाही. पान उलटताना तो खपलीसारखा सुटतो. चेहऱ्यावर थर जास्त, म्हणून तिथे आधी. काही चेहरे तर भाविकांच्या हातांनी आणि ओठांनी झिजले आहेत. व्हिएन्नातल्या सहाव्या शतकाच्या उत्पत्तिग्रंथाची तऱ्हा आणखी वेगळी : जांभळ्या चामड्यावर चांदीच्या शाईने लिहिलं, आणि त्या शाईनेच अक्षरांच्या जागी चामडं खाल्लं.

तुमची पोथी बहुधा कागदाची असेल. सुटणाऱ्या रंगावर फेव्हिकॉल, वॉर्निश, सेलोटेप काही लावू नका; लॅमिनेशन तर नकोच. प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा, आतला दमटपणा बुरशी आणतो. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवा, पत्र्याच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात नको, मे महिन्यात तो तापतो. कुलर चालू असलेली खोलीही टाळा. सकाळी कोरडं आणि रात्री दमट, हा हेलकावा सलग उकाड्यापेक्षा वाईट. आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिली तर उत्तम. प्रत्येक पानाचा वरून, सावलीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय फोटो काढून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा उघडावी लागणार नाही. रंग चिकटवण्याचं काम प्रशिक्षित संवर्धकाचंच.

प्रश्न : इंटरनेटवर जुन्या ग्रीक पोथीचं सोनेरी चित्राचं सुटं पान विकायला आहे. घ्यावं का?
(विजापूर रोड)

आमचं उत्तर, घेऊ नका. जुनं पान खरं असूनही चित्र खोटं असू शकतं. आर्किमिडीसच्या प्रसिद्ध पोथीचं पाहा. दहाव्या शतकात उतरवलेली ही प्रत १२२९ मध्ये खरवडून, पानं आडवी फिरवून, तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. विसाव्या शतकात कुणीतरी तिच्या चार पानांवर सोनेरी पार्श्वभूमीचे संत रंगवले, किंमत वाढावी म्हणून. तपासणीत हिरव्यात थॅलोसायनिन निघालं, आणि तो रंग बाजारातच आला १९३८ मध्ये. चित्रांचे नमुने १९२९ साली छापलेल्या एका पुस्तकातले. पोथी १९९८ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली ती खालच्या पुसट गणितासाठी, या चित्रांसाठी नव्हे.

फोटोवरूनही काही गोष्टी कळतात. चित्र अक्षरांवरून गेलं आहे का, जागा सोडलेली दिसते का? किडीच्या भोकाच्या आतल्या कडेला रंग उतरला आहे का? तसं असेल तर भोक आधीचं आणि रंग नंतरचा. दहापट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. आणि सुटं पान म्हणजे कुणीतरी पोथी फाडली आहे, हेही आलंच.

उलट बाजूने सांगायचं तर आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांहून जुनं, महत्त्वाचं हस्तलिखित पुरावशेषांत धरलं जातं आणि ते खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. घरातली पोथी अशा संकेतस्थळावर विकायला काढण्याआधी हे ध्यानात असू द्या.

चित्रं पाहण्यासाठी पैसे लागत नाहीत. व्हॅटिकनचं ग्रंथालय आणि पॅरिसचं राष्ट्रीय ग्रंथालय यांनी पोथ्या आपापल्या संकेतस्थळांवर पानोपान ठेवल्या आहेत. नावाने शोधलं तर पर्यटकी फोटोच वर येतात. ग्रंथालयाचा क्रमांक रोमन लिपीत टाइप करा. बेसिलची पोथी म्हणजे व्हॅटिकन, ग्रीक विभाग, १६१३. डेव्हिडचं चित्र असलेली स्तोत्रसंहिता म्हणजे पॅरिस, ग्रीक विभाग, १३९. डेव्हिड अगदी सुरुवातीलाच, पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला आहे.